प्रयोगवहीला गुण कसे द्यावेत?

मातीच्या माठातील पाणी थंड का होते, हा शालेय विज्ञानातला फार जुना प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही पाठ्यपुस्तकांतून पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहे. माठाच्या भिंतीला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी बाहेर झिरपते. बाहेरच्या पृष्ठभागावर त्याचे बाष्पीभवन होते. आणि या बाष्पीभवनास लागणारी उष्णता बव्हंशी माठातील पाण्यातूनच घेतली जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास नेहमीच्या तापमानाला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे एक लिटर पाण्यातून अवघे दहा ग्रॅम पाणी उडून गेले, तरी, बाहेरून उष्णता आत आली नाही असे धरल्यास, उरलेले पाणी जवळजवळ सहा अंशांनी थंड व्हावयास हवे. प्रयोगास सामग्रीही फारशी लागत नाही. एक बिनझिलईचे मडके, तेवढेच पाणी मावेल असे धातूचे भांडे, दोन तापमापक आणि एक घड्याळ एवढे मिळाले की कोणत्याही शाळेत तो करता येतो.

आता अशी कल्पना करू की मे महिन्यातील एकाच दुपारी हा प्रयोग दोन शाळांत चालला आहे. एक शाळा राजस्थानात, जयपूर शहराच्या तिलक नगर भागात आहे. दुसरी कोकणात, रत्नागिरीस. जयपुरात हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के आहे. रत्नागिरीत तापमान ३३ अंश, परंतु समुद्र जवळ असल्यामुळे आर्द्रता ७० टक्के आहे. तापमापकाच्या फुग्याभोवती ओले कापड गुंडाळले असता त्याचा पारा जेथवर उतरेल, त्याच्या खाली माठातील पाणी साधारणतः उतरू शकत नाही. ही मर्यादा जयपुरास सुमारे २३ अंशांवर आहे, तर रत्नागिरीस सुमारे २८ अंशांवर. दोन्ही ठिकाणी पाणी आरंभी हवेइतकेच तप्त होते असे समजू. जयपूरच्या विद्यार्थ्यास ते सात अंशांनी उतरलेले आढळले. रत्नागिरीच्या विद्यार्थिनीस केवळ दोन अंशांनी.

दोन्ही वह्या शिक्षकांच्या टेबलावर येतात. उत्तरसूचीत लिहिले आहे, ‘माठातील पाणी भांड्यातील पाण्यापेक्षा पुष्कळ थंड होते.’ जयपूरच्या मुलास दहापैकी नऊ गुण मिळतात. रत्नागिरीच्या मुलीच्या वहीवर ‘निरीक्षण बरोबर नाही’ असा शेरा पडतो आणि पाच गुणांवर तिची बोळवण होते. पुढल्या खेपेस ती काय करील हे सांगावयास ज्योतिषी नको. दोनाच्या जागी ती आठ लिहील. प्रयोगवहीत ‘आकडे जुळवणे’ हा प्रकार आपल्या शाळा-महाविद्यालयांत किती रुळलेला आहे हे विज्ञान शिकविणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. तो बहुधा येथूनच सुरू होतो. मुलीने जे मोजले ते खरे होते. चुकले होते ते गुण देण्याचे माप.

तिलक नगर हे नाव वाचताच मराठी वाचकास लोकमान्य टिळकांची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे, आणि टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीसच झाला. त्यांच्या बालपणाची एक आख्यायिका घरोघरी सांगतात. शुद्धलेखनाच्या तासाला ‘संत’ हा शब्द तीनदा आला असता बाळने तो ‘संत’, ‘सन्त’ आणि ‘सन्‌त’ असा तीन प्रकारे लिहिला. गुरुजींनी एक बरोबर धरला, दोन चूक ठरविले आणि बाळने ते मुळीच मानले नाही. या गोष्टीत आपण नेहमी बाळचा पक्ष घेतो. परंतु जरा थांबून पाहिले तर दोघांचेही म्हणणे सकारण आहे. रूढ लेखनपद्धती मुलास येते की नाही हे पाहावयाचे असेल तर गुरुजींचे बरोबर. अनुस्वार म्हणजे पुढील व्यंजनाच्या वर्गातले अनुनासिक, हा नियम त्यास उमगला आहे की नाही हे पाहावयाचे असेल तर बाळचे बरोबर. वादाचे मूळ एवढेच की नेमके काय तपासावयाचे आहे हे तास सुरू होण्यापूर्वी कोणी सांगितलेलेच नव्हते.

परीक्षकांची परीक्षा

शिक्षकाने दिलेला गुण म्हणजे तराजूने दिलेले वजन नव्हे, हे फार पूर्वीच ध्यानात आले होते. इंग्लंडमधील संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८८ साली परीक्षांच्या संख्याशास्त्रावर निबंध वाचून असे दाखविले की गुण हे एक मोजमाप आहे आणि प्रत्येक मोजमापाप्रमाणे त्यातही त्रुटी असते. प्रत्यक्ष प्रयोग पुढे अमेरिकेत झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठातील डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ साली इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या हुबेहूब प्रती काढून अनेक शाळांकडे तपासावयास पाठविल्या. १४२ शिक्षकांनी त्या तपासून परत केल्या. एकाच उत्तरपत्रिकेस कोणी शंभरपैकी ५० च्या आसपास गुण दिले होते, तर कोणी पंचाण्णवाहून अधिक. यावर आक्षेप निघाला की भाषेचा विषयच असा. गणितात असे होणे नाही. पुढल्याच वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठविली. तिचे गुण तिशीच्या आतून निघून नव्वदीच्या पलीकडे पोहोचले. रीत बरोबर पण उत्तर चूक, आकृती ओबडधोबड पण सिद्धता अचूक, अशा ठिकाणी प्रत्येक शिक्षकाचा हिशेब निराळा होता.

दोन शिक्षकांत मतभेद असणे एकवेळ समजू शकते. एकाच शिक्षकाचे स्वतःशीच मतभेद व्हावेत याला काय म्हणावे? फिलिप हार्टॉग आणि ई. सी. ऱ्होड्स यांच्या १९३५ सालच्या अहवालात हे दिसून आले. हार्टॉग हे नाव भारतीय शिक्षणाच्या इतिहासात अपरिचित नाही. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू, आणि १९२९ साली ज्या समितीने हिंदुस्थानातील शिक्षणवाढीविषयी अहवाल दिला तिचे अध्यक्ष. त्यांनी इतिहासाच्या अशा पंधरा उत्तरपत्रिका निवडल्या की ज्यांना मूळ परीक्षेत सारखेच गुण मिळाले होते. परीक्षकांनी त्या तपासल्या. मग एक ते दीड वर्षाच्या अंतराने, आधीचे गुण न दाखविता, त्यांपैकी चौदा परीक्षकांकडून त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासून घेतल्या. एकंदर २१० निर्णय झाले. त्यांपैकी ९२ बाबतींत परीक्षकाने स्वतःचाच पूर्वीचा निर्णय फिरविला होता. उत्तीर्ण, अनुत्तीर्ण किंवा विशेष योग्यता यांपैकी काय, हेच बदलले होते.

या सर्व प्रयोगांतला अत्यंत उद्बोधक प्रयोग १९६१ सालचा आहे. पॉल डीडरिख आणि त्यांचे दोन सहकारी यांनी महाविद्यालयात नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध ५३ वाचकांपुढे ठेवले. वाचकांत प्राध्यापक होते, लेखक-संपादक होते, वकील आणि व्यापारीही होते. नऊ ढीग करा, गुणवत्तेच्या क्रमाने निबंध त्यांत टाका, एवढीच सूचना त्यांना होती. कशाला गुणवत्ता म्हणावे हे मुद्दामच सांगितले नव्हते. परिणाम असा झाला की शेकडा ९४ निबंध किमान सात निरनिराळ्या ढिगांत जाऊन पडले. पाचांहून कमी ढिगांत गेला असा एकही निबंध निघाला नाही.

येथवर सारे पूर्वीसारखेच. परंतु डीडरिख येथे थांबले नाहीत. कोणाचे कोणाशी जुळते हे त्यांनी गणिताने शोधले, तेव्हा वाचकांचे पाच गट पडलेले दिसले. एका गटाचे लक्ष विचारांकडे, दुसऱ्याचे मांडणीकडे, तिसऱ्याचे व्याकरण व विरामचिन्हांकडे, चौथ्याचे शब्दयोजनेकडे आणि पाचव्याचे लेखनातून जाणवणाऱ्या व्यक्तिविशेषाकडे होते. म्हणजे हे वाचक निष्काळजी मुळीच नव्हते. ते निरनिराळ्या वस्तू मोजत होते आणि त्या सर्वांना एकच नाव देत होते. हे एकदा कळले की उपायही दिसू लागतो. ज्या वस्तू मोजावयाच्या त्यांची नावे आधी लिहून काढावीत, आणि प्रत्येकीच्या पायऱ्या शब्दांत मांडाव्यात. अशा मांडणीस इंग्रजी शिक्षणशास्त्रात ‘रुब्रिक’ म्हणतात. आपण येथे तीस निकष-तक्ता म्हणू.

रुब्रिक या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘तांबडा’ या अर्थाच्या शब्दात आहे. युरोपातील हस्तलिखित ग्रंथांत शीर्षके व सूचना तांबड्या शाईने लिहीत, त्यावरून तो आला. आपल्याकडील जुन्या पोथ्यांतही अध्यायाची समाप्ती किंवा श्लोकांचे दंड हिंगुळाने रंगविलेले दिसतात. शिक्षकाच्या हाती तांबडी शाई आजही आहेच. ती चुकीभोवती वर्तुळ काढण्यासाठी खर्च व्हावी की वाट दाखविण्यासाठी, एवढाच प्रश्न आहे.

आपल्याकडील वाटचाल

भारतात परीक्षा सुधारणेच्या चळवळीस स्वातंत्र्यानंतर वेग आला. शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणावरील ज्यांचा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला होता, ते शिकागो विद्यापीठाचे बेंजामिन ब्लूम १९५७-५८ च्या सुमारास भारतात आले आणि त्यांनी शिक्षक व परीक्षक यांच्या कार्यशाळा घेतल्या. १९६१ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक होते, मूल्यमापन हे वर्षाच्या अखेरीचे नसून वर्षभर चालणारे असावे असे आग्रहाने मांडले. तथापि प्रत्यक्ष वर्गात वार्षिक परीक्षेचे राज्य अबाधित राहिले.

शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि त्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची तरतूद होती. त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी निर्णय काढला. आकारिक आणि संकलित असे मूल्यमापनाचे दोन भाग झाले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय व वर्गकार्य, आणि सहाध्यायी मूल्यमापनासारखी इतर साधने, अशी आठ आकारिक साधने शिक्षकाच्या हाती दिली गेली. पहिली-दुसरीस आकारिक मूल्यमापनाला शंभरपैकी ७० भार होता. इयत्ता वाढेल तसा तो उतरत सातवी-आठवीस ४० वर येई. गुणांच्या पुढे अ-१, अ-२ अशा श्रेणी आणि त्यांच्या जोडीस वर्णनात्मक नोंदी करावयाच्या होत्या.

योजना विचारपूर्वक आखलेली होती यात शंका नाही. निरीक्षणाला, हाताच्या कामाला, तोंडी बोलण्याला तिने प्रथमच हक्काचे गुण दिले. परंतु ‘प्रात्यक्षिकास दहापैकी किती?’ या प्रश्नाशी शिक्षक एकटाच उरला. नोंदवही भरण्याची तारीख जवळ आली की ‘साहित्य व्यवस्थित हाताळतो’, ‘शास्त्रीय दृष्टिकोन बाळगतो’ अशा धाटणीच्या तयार नोंदींच्या याद्या हातोहात फिरू लागल्या, आणि एकेका वर्गातील चाळीस मुले चार-पाच वाक्यांत वाटली गेली. यासाठी शिक्षकांना दोष देणे अन्यायाचे होईल. पायऱ्यांचे शब्द हाती नसताना वर्णन करा म्हटले, की माणूस उसनेच शब्द आणणार.

तक्ता बांधताना

निकष-तक्ता कोऱ्या कागदापासून सुरू करू नये. आरंभ वह्यांपासून करावा. माठाच्या प्रयोगाच्या वीस-पंचवीस वह्या घ्याव्यात, मुलांची नावे झाकावीत आणि गुण न देता त्यांचे चार ढीग करावेत. ढीग झाले की प्रत्येक वही या ढिगात का पडली आणि शेजारच्या ढिगात का नाही, याचे कारण एका चिठ्ठीवर एका वाक्यात लिहावे. हे काम वाटते त्यापेक्षा कठीण आहे. पहिल्या काही चिठ्ठ्यांवर ‘नीटनेटकी’, ‘बरी’, ‘मेहनत दिसते’ असे शब्द येतील. ते खोडून, वहीत डोळ्यांनी काय दिसले ते लिहावे, म्हणजे हळूहळू खरे निकष वर येऊ लागतात.

माठाच्या प्रयोगास चार निकष पुरेत: तुलना न्याय्य होती काय, मोजमाप कसे केले, नोंद कशी ठेवली आणि निष्कर्ष कशावरून काढला. अक्षर, चित्रातील रंग, वहीचे वेष्टन ही यादीत नाहीत. सुंदर अक्षर कोणास नको आहे? पण ते येथे मोजावयाचे नाही. आणि जे मोजावयाचे नाही ते तक्त्यात शिरले, तर घरी रंगपेटी असलेल्या मुलास विज्ञानाचे गुण अधिक मिळतात.

आता पायऱ्या. मोजमापाचा निकष घेऊ. पहिल्या पायरीवर ‘पाणी गार लागले’ एवढेच असते. तापमापकाचा पत्ता नसतो. दुसऱ्या पायरीवर तापमान मोजलेले असते, पण एकदाच, आणि ते केव्हा मोजले हे लिहिलेले नसते. तिसऱ्या पायरीवर दोन्ही भांड्यांतील तापमान आरंभी आणि ठराविक अंतराने मोजून वेळेसह दिलेले असते. चौथ्या पायरीवर हे सर्व असून शिवाय एखादे मोजमाप पुन्हा करून पाहिलेले असते आणि ‘आमच्या तापमापकावर एका अंशाहून लहान फरक वाचता येत नाही’ यासारखी जाणीव नोंदविलेली असते.

निष्कर्षाच्या पायऱ्यांत खरी कसोटी लागते. पुस्तकातले वाक्य उतरविले आणि स्वतःच्या आकड्यांशी त्याचा काही संबंध ठेवला नाही, ही पहिली पायरी. माठातले पाणी अधिक थंड झाले असे म्हटले, पण किती ते सांगितले नाही, ही दुसरी. स्वतःच्या आकड्यांवरून किती फरक पडला ते सांगितले, ही तिसरी. आणि आकडे अपेक्षेशी जुळत नसतील तर ते न लपविता, तपासून पाहता येईल असे कारण सुचविले, ही चौथी. असे कारण हवेतील दमटपणाचे असू शकेल, किंवा माठ जुना होऊन त्याची छिद्रे क्षारांनी बुजल्याचे असू शकेल. कारण बरोबर असलेच पाहिजे असे नाही. ते तपासण्याजोगे असले पाहिजे.

रत्नागिरीची वही आता पुन्हा उघडली तर ती मुलगी निष्कर्षाच्या तिसऱ्या पायरीवर निश्चितच उभी आहे, आणि ‘समुद्राजवळची हवा दमट असते म्हणून असेल काय?’ असे एक वाक्य तिने लिहिले असेल तर चौथ्या. उलट जयपूरच्या मुलाने सात अंशांचा फरक मोजूनही शेवटी केवळ पुस्तकाचे वाक्य उतरविले असेल, तर तो पहिल्या पायरीवर राहतो.

पायऱ्या चार का, पाच का नाहीत? तीन किंवा पाच पायऱ्या ठेवल्या की मधली पायरी ही दमलेल्या परीक्षकाची विश्रांतीची जागा होते. सम संख्या ठेवली की वही वरच्या अर्ध्यात की खालच्या अर्ध्यात, याचा निर्णय घ्यावाच लागतो. सात-आठ पायऱ्या करण्यात तर काहीच हशील नाही. त्यांतील फरक लिहिणाऱ्यासच सांगता येत नाही.

बेरजेच्या बाबतीत मात्र सावध राहावे. चार निकषांचे गुण मिळवून एक आकडा काढणे सोयीचे असते खरे, पण त्यात एका निकषातील उणीव दुसऱ्यातील भर भरून काढते. आकडे रचलेले असतील तर सुबक नोंदीचे गुण त्यास झाकू शकतात काय? प्रस्तुत लेखकाच्या मते शकू नयेत. आकडे खरे असणे ही बेरजेतील रक्कम नव्हे. तो उंबरठा आहे, आणि तो ओलांडल्यावरच तक्ता लागू व्हावा. रचलेले आकडे ओळखावयास थोडा अनुभव लागतो. पाणी मर्यादेकडे जसजसे जाते तसतसा थंड होण्याचा वेग मंदावतो. म्हणून दर दहा मिनिटांस बरोबर एक अंश, असा सरळ उतरता कोष्टक शेवटपर्यंत दिसला तर मनात शंका यावी. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. मुलाला न रागावता त्यातले एक मोजमाप आपल्यासमोर पुन्हा करावयास सांगावे, हे उत्तम.

तक्ता वापरताना

तक्ता झाला की तो कच्चा आहे असे धरून चालावे. दोन शिक्षकांनी त्याच दहा वह्या एकमेकांस न दाखविता तपासाव्यात आणि मग पायऱ्या ताडून पाहाव्यात. जेथे दोघांत एकाहून अधिक पायऱ्यांचे अंतर पडेल तेथे बहुधा शब्दच संदिग्ध असतो. ‘पुरेशा वेळा’ असे लिहिले असेल तर एकाला दोनदा पुरते, दुसऱ्याला पाचदा. अशा ठिकाणी शब्द बदलावा आणि त्या पायरीचा नमुना म्हणून एक वही जपून ठेवावी. निकष-तक्त्यांवरील ७५ अभ्यासांचा एक आढावा २००७ साली स्वीडनमधील दोन संशोधकांनी प्रसिद्ध केला. तक्ता त्या त्या कामासाठी खास बांधलेला असेल, निकष वेगवेगळे तपासले जात असतील, आणि नमुने व सराव यांची जोड असेल, तर परीक्षकांतील एकवाक्यता वाढते, असे त्यात आढळले. केवळ तक्ता छापून वाटल्याने काम भागते असे त्यावरून मुळीच म्हणता येत नाही.

दुसरी काळजी वाचण्याच्या क्रमाची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली दाखविले की एखाद्या माणसाविषयी एका गुणामुळे चांगले मत झाले की त्याचे इतर गुणही आपणांस अधिक चांगले दिसू लागतात. सैन्यातील अधिकाऱ्यांविषयीच्या शेऱ्यांत त्यांना हे आढळले. वर्गातील हुशार मुलाच्या वहीबाबत ते आपणास रोज आढळते. यावर सोपा उपाय असा की वही संपवून पुढच्या वहीकडे न जाता, सर्व वह्यांतील मोजमाप आधी तपासावे, मग सर्व वह्यांतील नोंदी, मग निष्कर्ष. पन्नास वह्या, चार निकष आणि प्रत्येकास अर्धा मिनिट धरले तर शंभर मिनिटे लागतात. ज्या शाळेत एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता आहेत, तेथे ही शंभर मिनिटे सहज मिळत नाहीत. तेथे एका प्रयोगास एकच निकष तपासावा; वर्षभरात चारही निकषांची पाळी येते.

निकष ठरविताना मुलांची परिस्थिती लक्षात घ्यावी की नाही, हा वादाचा विषय आहे. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत तो प्रत्यक्ष सोडवावा लागला. या परिषदेत मुले आपल्या परिसरातील एखाद्या प्रश्नावर प्रकल्प करतात, आणि तो जिल्हा, राज्य, राष्ट्र अशा पायऱ्यांनी पुढे जातो. तिचे राष्ट्रीय संमेलन २०११ साली जयपूरला भरले होते आणि २०१६ साली बारामतीस. कल्पनेची मौलिकता, विषयाचे आकलन, माहितीचे संकलन व विश्लेषण, सांघिक काम असे तिचे निकष आधीच जाहीर केलेले असत. त्यांतच खालच्या स्तरावर एक वेगळा निकष होता. ज्यांच्या शाळेत साधने तुटपुंजी आहेत त्या मुलांसाठी पार्श्वभूमीनुसार गुणांत करावयाची दुरुस्ती, असा तो होता. काहींना यात सवलतीचा वास येतो. पण विकतचे उपकरण आणून केलेले मोजमाप आणि बाटलीवर सुताने खुणा करून बनविलेल्या पर्जन्यमापकाने केलेले मोजमाप यांत विज्ञान कोणत्या ठिकाणी अधिक झाले, हे नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही.

तक्त्याचा खरा उपयोग मात्र परीक्षकापेक्षा विद्यार्थ्याला अधिक आहे, आणि तो प्रयोगाच्या आधी त्याच्या हाती पडला तरच आहे. फळ्यावर दोन जुन्या वह्यांतील उतारे लिहावेत आणि ‘यांतला कोणता अधिक चांगला, आणि का?’ असे वर्गास विचारावे. सातवीतील मुलेही ‘याने वेळ लिहिली आहे, त्याने नाही’ हे झटकन ओळखतात. पायऱ्यांची भाषा त्यांच्याच तोंडून आली तर ती त्यांच्या लक्षात राहते. मग काम झाल्यावर प्रत्येकाने आपली पायरी स्वतः ठरवावी, शेजाऱ्याने त्याची ठरवावी आणि शेवटी शिक्षकाने. तिघांची मते जुळली नाहीत तर बोलावयास विषय मिळाला असे समजावे.

या ठिकाणी इस्रायलमधील रूथ बटलर यांचा १९८८ सालचा प्रयोग आठवतो. काही मुलांना त्यांच्या कामावर केवळ गुण दिले, काहींना केवळ लेखी सूचना, आणि काहींना दोन्ही. पुढील कामात सुधारणा दिसली ती केवळ सूचना मिळालेल्या मुलांत. गुण आणि सूचना दोन्ही मिळालेली मुले केवळ गुण मिळालेल्यांहून फारशी पुढे गेली नाहीत. गुण पाहिले की सूचना वाचावयाची कोणी? यास्तव वही परत देताना प्रथम पायरीचे शब्द अधोरेखित करून द्यावेत आणि आकडा आठवड्याने सांगावा, ही युक्ती करून पाहण्याजोगी आहे.

माठाच्या प्रयोगात चौथ्या पायरीवर पोहोचलेल्या मुलांना पुढचे काम देणे सोपे आहे. तिसऱ्या एका तापमापकाच्या फुग्याभोवती सुती कापडाची चिंधी गुंडाळावी, तिचे टोक पाण्यात बुडवून ठेवावे आणि पंख्याने वारा घालून पारा कोठे स्थिरावतो ते पाहावे. रत्नागिरीच्या वर्गात तो २८ अंशांवर थांबेल. हवा ३३ अंशांवर आहे, तेव्हा माठाला उतरावयास वाव होता तो पाच अंशांचाच, आणि त्यांपैकी दोन अंश तो उतरला. जयपूरच्या वर्गात पारा २३ अंशांवर थांबेल. तेथे वाव सतरा अंशांचा होता, आणि माठ उतरला सात. दोनास पाचाने आणि सातास सतराने भागून पाहिले तर पहिले उत्तर ०.४० येते आणि दुसरे ०.४१. नुसत्या आकड्यांत सात आणि दोन इतके दूर असलेले हे दोन माठ, आपापल्या हवेने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहता, जवळजवळ सारखेच काम करीत होते.